केबलवर 94

काल कोथरूडला, डहाणूकर कॉलनीत, नेटच्या एकाच तक्रारीसाठी दुसऱ्यांदा गेलो. सहा महिन्यांपूर्वी त्या घरी राउटरशेजारी वायफायवर स्पीड 290 एमबीपीएस येत होता आणि आतल्या खोलीत केबलवर 94. मी काकांना ठामपणे सांगितलं, "तुमच्या लॅपटॉपचं पोर्टच, म्हणजे केबल लावायची खाचच, 100 ची असणार." काकांनी पेन्शनमधून नवा लॅपटॉप घेतला. परवा फोनवर म्हणाले, "अहो, याच्यावरही 94 च येतंय." आवाज जरासुद्धा चढवला नाही.

94 म्हटल्यावर माझे कान टवकारायला हवे होते. लिंक, म्हणजे केबलच्या दोन टोकांनी आपसात ठरवलेला वेग, 100 ची असली की हातात साधारण तेवढंच उरतं. केबलमध्ये तारा आठ. 100 ला चारच पुरतात: 1, 2, 3 आणि 6. गिगाबिटला, म्हणजे 1000 ला, आठही लागतात. उरलेल्या चारांतली एखादी तुटली तरी नेट बंद पडत नाही, दोन्ही टोकं मुकाट्याने 100 वर उतरतात. राउटरच्या सेटिंगच्या पानावर लॅन (केबलच्या) पोर्टपुढे 1000 ऐवजी 100 दिसतं, पण ते पान उघडतो कोण?

केबल तपासायचा टेस्टर लावला, त्यात प्रत्येक तारेला एक दिवा. 7 चा दिवा लागेना. भिंतीवरचा बॉक्स उघडला तर पांढरी-तपकिरी तार मुळाशीच तुटलेली. वरचं आवरण सोलताना ब्लेड लागलं असणार. बसवणाऱ्याने तपासलं नाही, आणि मीही नाही. आमची कंपनी टेस्टर देत नाही, वर दिवसाला बारा तक्रारी उरका म्हणते. हा मी तापकीर गल्लीतून स्वतःच्या पैशाने घेतलाय. पण त्या दिवशीही तो बॅगेतच होता.

केबल दोन इंच मागे कापून तारा बॉक्सच्या खाचांत पुन्हा पंच केल्या, म्हणजे दाबून बसवल्या. जोड्यांचा पीळ अगदी खाचेपर्यंत राहू दिला. आमच्यातले पुष्कळ जण इंच-दीड इंच उकलून मोकळ्या सोडतात, ते मला बघवत नाही.

नव्या लॅपटॉपवर लिंक 1000, स्पीड 292. काकांनी कपाटातून जुना काढला. "हाही लावून बघा ना." तो सुरू व्हायलाच पाच मिनिटं गेली. लिंक 1000.

"म्हणजे हा चांगला होता," काका म्हणाले. झाकण मिटून त्यांनी तो परत पिशवीत ठेवला, चार्जरची वायर नीट गुंडाळून.

मी माफी मागितली. व्हिजिटचे पैसे घेतले नाहीत. नवा केवढ्याला पडला, हे मात्र विचारायचा धीर झाला नाही.