दान्तेच्या चिखलातली पंगत

इटालियन कवी दान्तेच्या 'डिव्हाइन कॉमेडी' या महाकाव्यात नरकाच्या तिसऱ्या वर्तुळात खादाड जीव पडलेले आहेत. या पापाला शिक्षा म्हणून कोणीही सहज उपासमार सुचवेल. दान्तेनेही ती योजली आहे, पण ती पुढे, स्वर्गाआधी जीव शुद्ध होतात त्या शुद्धिपर्वताच्या सहाव्या टप्प्यावर, जिथे सुवासिक फळांनी लगडलेल्या झाडापाशी हाडांचे सापळे उरलेले जीव फिरत राहतात. त्यांची सुटका ठरलेली आहे, म्हणून त्यांना भूक दिली आहे. नरकातल्या खादाडांच्या भुकेचा मात्र उल्लेखच नाही. तिथे गारा, गढूळ पाणी आणि बर्फ यांचा थंड, जड पाऊस अखंड कोसळतो, खालची जमीन दुर्गंधी सोडते, आणि त्या चिखलात लोळणारे जीव एका कुशीने दुसरीला आडोसा करण्यासाठी सारखे वळत राहतात.

भूक आहे ती फक्त राखणदाराला. लाल डोळ्यांचा, तेलकट काळ्या दाढीचा, सुटलेल्या पोटाचा तीन तोंडांचा कुत्रा सर्बेरस या जीवांना ओरबाडतो, सोलतो, फाडतो. खाणाऱ्यांचेच खाद्य झाले. प्राचीन रोमन कवी व्हर्जिलच्या महाकाव्यात याच कुत्र्याला मध घातलेला गोळा टाकून शांत करतात. दान्तेने व्हर्जिललाच आपल्या काव्यात नरकातला वाटाड्या करून त्याच्या हाती मूठमूठ माती दिली, आणि कुत्रा तेवढ्यावर गप्प झाला. घशाखाली काय उतरते आहे याची शुद्धच न उरलेली हाव इतक्या थोडक्यात दाखवलेली माझ्या तरी वाचनात नाही.

पुण्यात वाढलेल्या माणसाला हे थोडे जड जाते. पैजेवर जिलब्या रिचवणाऱ्यांच्या गोष्टी आमच्याकडे कौतुकानेच सांगितल्या जातात, आणि 'माझ्याखातर आणखी एक' हा आग्रह न करणारा यजमान कंजूष ठरतो. पण पंगतीत वाढणारा असतो, शेजारी असतो, आणि शेवटच्या माणसाचा मठ्ठा संपेपर्यंत कोणी पानावरून उठत नाही. दान्तेच्या चिखलातही माणसे ओळीने आडवी असावीत असे वाटते. फरक इतकाच की तिथे शेजाऱ्याकडे कोणी पाहत नाही.

भागवताच्या पाचव्या स्कंधातील 'कृमिभोजन' नरक मला म्हणूनच जवळचा वाटतो. तिथली शिक्षा किती खाल्ले याची नसून मिळालेले अन्न वाटून न घेता, पंचयज्ञ न करता खाल्ल्याची आहे: असा माणूस किड्यांच्या कुंडात किडा होऊन किडे खातो आणि किड्यांकडून खाल्ला जातो. इथेही खाणारा शेवटी खाद्यच होतो, मात्र भागवतात अपराधाचे नाव स्पष्ट आहे. दान्तेच्या चित्रातून ते वाचकाला काढावे लागते.

त्या चिखलातून उठून बसतो तो एकटा चाक्को, दान्तेच्याच फ्लॉरेन्स शहराचा रहिवासी. जेवणाविषयी तो फारसे बोलत नाही, बोलतो ते शहराविषयी: मत्सराने इतके भरलेले शहर की पोते ओसंडून वाहते आहे. कवितेतला काळ 1300चा आहे. गर्व, मत्सर आणि लोभ या ठिणग्यांनी पेटलेल्या तिथल्या पक्षांच्या भांडणाचे भाकीत चाक्को करतो, आणि त्याच भांडणात पुढे 1302 साली दान्ते स्वतः हद्दपार झाला. तिन्ही खंडांतील सहावा सर्ग त्याने राजकारणाला दिला आहे, नरकात फ्लॉरेन्स, शुद्धिपर्वतावर इटली आणि स्वर्गात साम्राज्य. त्यातले फ्लॉरेन्सचे भाकीत एका खादाडाच्या तोंडी घालणे हा योगायोग असेल असे मला वाटत नाही.