डेक्साची रात्र

शुक्रवार

आज आईचं बोर्टेझोमिब झालं, म्हणजे मल्टिपल मायलोमाचं, हाडांच्या मज्जेतल्या कॅन्सरचं इंजेक्शन. पोटाच्या चामडीखाली टोचतात, मिनिटभराचं काम. रामदासपेठेत गाडी लावायलाच जास्त वेळ जातो. सोबत डेक्सामेथासोनच्या, म्हणजे झोप उडवणाऱ्या स्टेरॉइडच्या गोळ्या असतात, म्हणून रात्रीचा दीड वाजला तरी आईसाहेब स्वयंपाकघरात डबे पुसतायत. "झोप ना आता." "झोपच येऊन नाही राहिली तर काय करू?"

आजार कळायच्या आधी सगळं सुटं सुटं चाललं होतं. पाठ दुखते म्हणून पट्टा आणि पेनकिलर, हिमोग्लोबिन आठ म्हणून लोहाच्या गोळ्या. किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन वाढलं तर "उन्हाळा आहे, पाणी प्या." नागपूरच्या मे महिन्यात हे कोणालाही पटतं! तिन्ही फायली वेगवेगळ्या दवाखान्यांत. शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी साध्याच रिपोर्टमधल्या एका ओळीवर पेन टेकवलं: टोटल प्रोटीन जास्त, त्यातलं नेहमीचं अल्ब्युमिन मात्र कमी. मग हे वरचं प्रोटीन कुठलं? रक्तातली प्रथिनं वेगळी करून दाखवणाऱ्या तपासणीच्या, इलेक्ट्रोफोरेसिसच्या आलेखात, जिथे बसकी टेकडी असते तिथे सरळ सुळका निघाला. मज्जेतल्या प्लाझ्मा पेशी, म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी, बेसुमार वाढून एकाच प्रकारचं प्रथिन ओतत होत्या. मग कमरेच्या हाडातून मज्जा काढून तपासली. मल्टिपल मायलोमा. हाडं पोखरणं, रक्त कमी होणं, किडनीवर ताण, सगळं त्या एकाचंच. त्यात किडनीला वाईट ती पेनकिलरच आई पोटभर खात होती. आता डायक्लोफिनॅक घरात आणायचं नाही, तरी शेजारच्या काकू पर्समधून काढून देतातच.

याच आजारावरची लेनालिडोमाइडची गोळी एकवीस दिवस, मग सात दिवस सुट्टी. त्याने रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून ॲस्पिरिन, नागीण उठू नये म्हणून ॲसायक्लोविर. फ्रिजवर तक्ता लावलाय. आई त्याला पंचांग म्हणते.

ट्रान्सप्लांटचं कळल्यावर आत्या फोनवर रडायलाच लागली, "माझी मज्जा घ्या." तिला समजावता समजावता नाकी नऊ आले. देणारा शोधायचाच नसतो, आईच्याच स्टेम सेल, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी, आधी काढून ठेवतात आणि जोरदार केमो दिल्यावर तिलाच परत देतात. आजार मुळासकट जात नाही, पण वर्षानुवर्षं आटोक्यात राहू शकतो, असं डॉक्टर स्पष्ट म्हणाले. मला हा स्पष्टपणा आवडला. आत्याला नाही.

तळपायाला मुंग्या येतात हे आई डॉक्टरांना सांगत नाही, डोस कमी करतील म्हणून. बोर्टेझोमिबने नसांना त्रास होतो, लपवला तर वाढतो. पुढच्या शुक्रवारी मीच सांगणार आहे. परतीच्या वाटेत ती माझ्याशी बोलणार नाही, हे धरून चाललेय.