आधी मैदान, मग बौद्धिक

संध्याकाळी साडेपाच वाजता आम्ही मुले मैदानावर जमायचो, तेव्हा आपण राष्ट्र सेवा दलाच्या शाखेत जात आहोत याची निम्म्याजणांना तरी कल्पना नसावी. फक्कीने आखलेल्या रेषांत लंगडी आणि कबड्डी खेळायला मिळते, शनिवारी लेझीम हातात येते, एवढेच आम्हाला पुरेसे होते. माझ्या वाट्याला येणाऱ्या लेझमीच्या दोन-तीन चकत्या गळून गेल्या होत्या आणि तिचा आवाज इतरांच्या मागे फरफटत आल्यासारखा यायचा.

पुढे मोठेपणी या संघटनेच्या सुरुवातीविषयी वाचले, तेव्हा त्या मैदानाचा अर्थ थोडा उलगडला. डॉ. ना. सु. हर्डीकर यांनी 1923 मध्ये हिंदुस्थानी सेवा दल ही काँग्रेसची स्वयंसेवक संघटना उभारली होती. त्या परंपरेचा धागा पुढे नेत 4 जून 1941 रोजी पुण्यात राष्ट्र सेवा दलाची नव्याने उभारणी झाली आणि समाजवादी नेते एस. एम. जोशी दलप्रमुख झाले. किशोरवयीन मुले त्या काळी धर्माच्या नावाने चालणाऱ्या शाखांकडे ओढली जात होती, आणि त्यांना नुसत्या व्याख्यानांनी थांबवता येणार नाही हे या मंडळींनी ओळखले होते. म्हणून त्यांनीही रोजची शाखाच काढली. आधी खेळ, कवायत आणि गाणी, आणि मग बौद्धिक, म्हणजे विचार समजावून सांगणारे भाषण किंवा चर्चा. हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो, कारण बौद्धिकासाठी म्हणून घरून निघणारे मूल मी तरी पाहिलेले नाही.

पुढच्याच वर्षी बेचाळीसचे ‘छोडो भारत’ आंदोलन पेटले. एस. एम. भूमिगत झाले, आणि दाढी वाढवून मौलवीच्या वेषात मुंबईत वावरू लागले. हा प्रसंग आमचे शाखानायक दादा इतका रंगवून सांगत, की त्या दिवशी कबड्डी बाजूला राहायची.

सेवा दलाची कलेची बाजू खऱ्या अर्थाने बहरली ती कलापथकामुळे, म्हणजे दलाच्या गाणी-नाटके करणाऱ्या चमूमुळे. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा केला, तेव्हा सेवा दलाचे कलावंत गाणी आणि पोवाडे घेऊन त्यांच्याबरोबर हिंडले. 1 मे 1947 रोजी गुरुजींनी उपोषण आरंभले आणि दहाव्या दिवशी ते सुटले. वसंत बापटांसारखा कवी पथकासाठी लिहीत होता आणि पु. ल. देशपांडे यांचे ‘पुढारी पाहिजे’ हे लोकनाट्यही याच पथकाने रंगमंचावर आणले. निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके ही सगळी मंडळी याच तालमीतली. त्यांच्या चरित्रांत सेवा दलाचा उल्लेख एका ओळीत उरकला जातो, याची मला नेहमी रुखरुख वाटते.

आमच्या शाखेत ताई हजेरी घेत, ती फक्त पहिल्या नावाने. गोल करताना कोणाचा हात धरायचा हे निवडायला परवानगी नव्हती; शेजारी जो असेल त्याचा. एकदा घरी आल्यावर आजीने विचारले, “आज कोणाकोणाचा हात धरलास रे?” मी भराभर आठ-दहा नावे सांगितली. तिने आडनावे विचारली, तेव्हा मला एकही सांगता आले नाही.