शेवाळाचं तेल आणि पंपाचं तेल

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टमध्ये तेल काढायचं म्हणून मी क्लोरेला हे एकपेशीय हिरवं शेवाळ वाढवलं. बीजी-११ नावाचं क्षारांचं पोषक पाणी, ट्यूबलाइट आणि माशांच्या टाकीचा हवेचा पंप, एवढ्यावर ते झकास वाढतं. शेवटी नायट्रेट बंद केलं की पेशी तेल साठवायला लागतात. सेंट्रिफ्यूजमधून पुदिन्याच्या चटणीसारखा गोळा निघाला, तिथवर सगळं सुरळीत होतं.

सर म्हणाले, "आधी वाळव, मग तेल काढ." वाळवायचं लायोफिलायझरमध्ये, म्हणजे गोठवून निर्वातात वाळवणाऱ्या यंत्रात, आणि ते यंत्र दुसऱ्या विभागात. फॉर्मवर तीन सह्या. तिसरी सही ज्यांची, ते रजेवर. ते आल्यावर फॉर्म परत, कारण 'नमुन्याचं नाव' या रकान्यात मी नुसतं 'शेवाळ' लिहिलं होतं. नवा फॉर्म, पुन्हा तीन सह्या. मग रजिस्टरमध्ये नंबर लागला, अकरावा. रोज जेवणाच्या सुट्टीत जाऊन रजिस्टर बघायचे. एकदा अकराव्याचा तेरावा झालेला दिसला. कसा, ते कोणी सांगेना. अखेर माझा दिवस उजाडला तर तिथले काका म्हणाले, "ताई, व्हॅक्यूम पंपाचं तेल बदलायचंय, ऑर्डर गेलीय." माझं तेल यांच्या तेलापायी अडलेलं!

एकोणीस दिवस गेले. वैतागून मी ओलाच गोळा सॉक्सलेटमध्ये, म्हणजे द्रावक पुन्हापुन्हा फिरवून तेल काढणाऱ्या काचेच्या उपकरणात, हेक्झेन या द्रावकावर चढवला. हाती जवळपास काही नाही. हेक्झेन पाण्यात मिसळत नाही, त्यामुळे ओल्या पेशीत ते शिरतच नाही. क्लोरेलाची पेशीभिंतही चिवट.

मग सीनियर दादाने विचारलं, "ब्लाय-डायर कर ना! वाळवतेस कशाला?" ब्लाय आणि डायर यांची तेल काढायची १९५९ची ती पद्धत मुळात ओल्या माशासाठी बसवलेली! क्लोरोफॉर्म, मिथेनॉल, पाणी १:२:०.८, आणि त्या पाण्यात नमुन्यातलं पाणीही मोजायचं. माझ्या पाच ग्रॅम गोळ्यात चार मिली पाणी होतंच, म्हणजे पाच मिली क्लोरोफॉर्म, दहा मिली मिथेनॉल. भिंत फोडायला आधी काचेचे मणी घालून हलवायचं. नंतर पाच-पाच मिली क्लोरोफॉर्म आणि पाणी घातलं की थर सुटतात. तेल खालच्या थरात. दोन थरांमधे न फुटणारी साय धरली तर साध्या पाण्याऐवजी मिठाचं घ्या. तेलाच्या टक्केवारीसाठी कोरडं वजन लागतं, पण त्याला चिमूटभर नमुना १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवला तरी पुरतं. त्यासाठी सह्या लागत नाहीत.

दीड दिवसात काम संपलं. निघालेलं तेल गर्द हिरवं होतं. त्यात क्लोरोफिलही येतं, म्हणून नुसत्या वजनावर फार फुशारू नका. मी आधी फुशारले होते.

गोळा फ्रीझरमध्येच ठेवा, बाहेर राहिला तर पेशीतली एन्झाइम्स तेल तोडतात. क्लोरोफॉर्म फ्यूम हुडखालीच (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात), काचेच्या नळ्यांत. आणि नळ्यांवर नावं पेन्सिलीने, कागद चिकटवून. मार्करची शाई क्लोरोफॉर्मने पुसली जाते. माझ्या सहातल्या दोन नळ्या कुठल्या, ते अजून ठरलेलं नाही.