चाचणीत न सापडणारे नाव

एका जुन्या ऑर्डर-प्रणालीच्या इंटिग्रेशन टेस्ट सर्व्हर न उठवता, एम्बेडेड ईजेबी कंटेनरवर (टेस्टच्याच प्रक्रियेत चालून सर्व्हरची कामे करणाऱ्या घटकावर) चालवण्याचे काम माझ्याकडे आले होते. मूळ कोड जेबॉस या जावा अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरसाठी लिहिलेला असल्यामुळे डेटासोर्सचा (डेटाबेस-जोडणीचा) लुकअप, म्हणजे नावावरून शोध, ‘जावा:/ऑर्डर्सडीएस’ या नावाने होत असे. ‘जावा:’च्या पुढे लगेच तिरकी रेघ हा जेबॉसचा स्वतःचा प्रघात आहे, प्रमाणित नावे ‘जावा:कॉम्प/एन्व्ह’ने किंवा, २००९ मधल्या जावा ईई ६ पासून, ‘जावा:ग्लोबल’, ‘जावा:अ‍ॅप’ अशी सुरू होतात. साहजिकच पहिलीच टेस्ट ‘नेमनॉटफाउंडएक्सेप्शन’ (नाव सापडले नाही, ही त्रुटी) देऊन पडली.

प्रॉडक्शनचा कोड बदलायचा नाही, हे मी आधीच ठरवले होते, कारण टेस्टसाठी नावे बदलली तर खरी नावे कधी तपासलीच जाणार नाहीत. म्हणून मी स्वतःची ‘इनिशियलकॉन्टेक्स्टफॅक्टरी’ (लुकअप हाताळणारी वस्तू बनवून देणारा क्लास) लिहिली, जी जेबॉसचे नाव कंटेनरच्या नावात बदलून पुढे पाठवेल. साध्या नावांना तिच्यातला ब्रेकपॉइंट (कोड थांबवून पाहण्याची खूण) लागत होता, पण ‘जावा:’ने सुरू होणारे एकही नाव तिथे पोहोचत नव्हते, आणि यात माझी अख्खी सकाळ गेली.

दुपारी मी जेडीकेमधील (जावाच्या विकास-संचातील) ‘इनिशियलकॉन्टेक्स्ट’ या, लुकअप जिथून सुरू होतो त्या क्लासचा सोर्स उघडला, तेव्हा उलगडा झाला. नावात कोलनच्या आधी स्कीम (‘जावा’सारखा उपसर्ग) असेल, तर जावा प्रथम ‘जावा.नेमिंग.फॅक्टरी.यूआरएल.पीकेजीएस’ या प्रॉपर्टीतल्या पॅकेजांमध्ये त्या स्कीमची फॅक्टरी शोधते. कंटेनरने आपले पॅकेज तिथे आधीच नोंदवलेले असल्याने ‘जावा:’ची सगळी नावे परस्पर त्याच्याकडे जात होती. मात्र त्याच मेथडमध्ये, या शोधाच्याही आधी, ‘नेमिंगमॅनेजर’वर फॅक्टरी-बिल्डर (कोणती फॅक्टरी वापरायची ते ठरवणारा घटक) बसवलेला आहे का, हे पाहिले जाते, आणि असेल तर स्कीमचा विचारच होत नाही.

मी बिल्डर बसवला आणि पहिला टेस्ट-क्लास पास झाला. दुसरा ‘इल्लीगलस्टेटएक्सेप्शन’ने कोसळला, कारण एका जेव्हीएममध्ये (जावा चालवणाऱ्या एका प्रक्रियेत) बिल्डर एकदाच बसवता येतो, काढता येत नाही, आणि मेव्हन या बिल्ड-साधनाचे टेस्ट चालवणारे शुअरफायर सगळे क्लास सहसा एकाच जेव्हीएममध्ये चालवते. बिल्डर आधीच बसवलेला आहे का, हे विचारूनच तो बसवणारा एक स्टॅटिक ब्लॉक सामाईक बेस-क्लासमध्ये टाकल्यावर हा प्रश्न सुटला.

नावे बदलणाऱ्या कोडमध्ये, ओळखीचे नसलेले नाव आले की ‘नल’ (रिकामे मूल्य) परत न करता एक्सेप्शनच टाकायचे, हे मी आग्रहाने ठेवले. त्यामुळे संध्याकाळच्या रनमध्ये एक लुकअप पुन्हा पडला. त्या नावात ‘ऑर्डर्स’चा ‘एस’ गळलेला होता, आणि भोवतालच्या रिकाम्या कॅच-ब्लॉकमुळे (एक्सेप्शन पकडून काहीच न करणाऱ्या कोडमुळे) ती चूक प्रॉडक्शनच्या लॉगमध्ये कधीच उमटली नव्हती.