एमपॉक्सची लस : दुसरी मात्रा टाळू नये

एमपॉक्सची, म्हणजे पूर्वी मंकीपॉक्स म्हटल्या जाणाऱ्या विषाणूजन्य आजाराची लस घेण्याचे ठरवले, तेव्हा लशीमुळेच तो आजार होणार नाही ना, ही शंका मला सर्वांत आधी आली. एमव्हीए-बीएन या लशीत एमपॉक्सचा विषाणू नसतोच. देवी आणि एमपॉक्स यांच्याच कुळातला व्हॅक्सिनिया नावाचा विषाणू कोंबडीच्या गर्भपेशींमध्ये ५०० हून अधिक वेळा वाढवत नेल्यावर माणसाच्या पेशींत वाढण्याची क्षमता गमावून बसला, आणि त्याच दुबळ्या वाणापासून ही लस तयार होते. विषाणू जवळचे नातेवाईक असल्यामुळे एकाविरुद्ध कमावलेली प्रतिकारशक्ती दुसऱ्यालाही ओळखते. देवीचे उच्चाटन झाल्याचे १९८० मध्ये जाहीर झाले, देवीची लस देणे थांबले, आणि त्यानंतर जन्मलेल्यांना हे संरक्षण मिळालेच नाही.

एमपॉक्सचा माणसातला पहिला रुग्ण १९७० मध्ये काँगोत आढळला होता. जगाचे लक्ष मात्र २०२२ च्या साथीनंतरच गेले, हे मला फार खटकते. त्या साथीत लैंगिक संबंधांतून प्रसार अधिक झाल्यामुळे या आजाराला लाजेचा डाग चिकटला. वास्तविक पुरळाशी, फोडांतील द्रवाशी किंवा रुग्णाच्या अंथरुणा-कपड्यांशी जवळचा संपर्क आलेल्या कोणालाही लागण होऊ शकते, लहान मुलांनाही. ताप, अंगदुखी आणि पुरळ ही लक्षणे कांजिण्यांसारखी वाटली, तरी काखेतील, मानेतील किंवा जांघेतील गाठी सुजणे ही एमपॉक्सची महत्त्वाची खूण आहे. सर्व खपल्या गळून खाली नवी त्वचा येईपर्यंत रुग्णाकडून संसर्ग होऊ शकतो.

लशीच्या दोन मात्रा २८ दिवसांच्या अंतराने घेतात, आणि पूर्ण संरक्षण दुसऱ्या मात्रेनंतर सुमारे दोन आठवड्यांनी मिळते. पहिल्या सुईनंतर दंड दुखला, लाली आली आणि खाज सुटली की अनेकजण दुसऱ्या मात्रेकडे पाठ फिरवतात. हे दुखणे थोड्या दिवसांचे असते आणि त्यापायी अर्धवट संरक्षणावर थांबणे मला अजिबात पटत नाही. ठरलेला दिवस चुकला, तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. राहिलेली मात्रा शक्य तितक्या लवकर घ्यावी. आधीच्या मात्रेची तीव्र ॲलर्जी झाली असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

रुग्णाशी संपर्क आला असेल, तर चार दिवसांच्या आत घेतलेली लस आजार टाळू शकते. त्यानंतर चौदाव्या दिवसापर्यंतही ती देतात, कारण आजार झालाच तर तो सौम्य राहण्याची शक्यता वाढते. म्हणून लक्षणांची वाट न पाहता त्याच दिवशी आरोग्य केंद्रात विचारणा करावी.