पॅसेज

दुपारी बेल वाजली आणि आई पडल्या जागी ताडकन उठून बसली. "कोण गेलं गं?" बाहेर कुरिअरवाला. अजून सवय झालेली नाही तिला. वरळीच्या बीडीडी चाळीत दार दिवसभर सताड उघडं, त्यावर अर्धा पडदा. येणारी बाई पडदा सारून "काय केलंस आज?" म्हणत थेट ओट्याशीच. कडी वाजायची ती रात्री-अपरात्री, आणि मग गावाहून तार आलेली असायची.

ऑगस्ट २०२५ मध्ये पुनर्विकासातल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या वाटल्या, त्यातली एक आईला मिळाली. १६० चौरस फुटांतून एकदम ५००. तेही ४० मजली टॉवरमध्ये. तेव्हापासून जो तो मला विचारतो, "पण चाळीतली मजा गेली ना?" विचारणारे बहुतेक चाळीत एक रात्रही न झोपलेले. त्यांना एकदा पावसाळ्यात, पोट बिघडलेलं असताना, सामाईक संडासाच्या रांगेत बादली घेऊन उभं करावं, असं मला फार वाटतं. आई तर नव्या घरातला संडास घासताना गुणगुणते.

चाळ बांधली इंग्रज सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने, म्हणजे बीडीडीने, १९२० च्या दशकात, गिरणीच्या नि इतर कामगारांसाठी. एका इमारतीत ८० खोल्या. सुरुवातीला लोक राहायलाच येईनात. मग १९३० च्या सत्याग्रहात वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंग केला. आम्हाला याचं काही नवल वाटलं नाही, कारण भिंतीच तशा होत्या. निव्वळ काँक्रीट. खिळा ठोकायला गेलं की खिळा वाकायचा, हातोडी अंगठ्यावर आणि बाबांच्या तोंडून अस्सल साताऱ्याकडचं काहीतरी. आजोबांचा फोटो शेवटपर्यंत खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलेला होता.

मला आठवतो तो पॅसेज. दोन्ही बाजूंना खोल्या आणि मधून हा लांबलचक, अंधारा. भरदुपारी बल्ब लागायचा. प्रत्येक दाराशी निळं पिंप, त्यावर ताट, ताटावर वरवंटा. पाणी आलं की सगळ्या मजल्यावर ताटांचा खणखणाट. परीक्षेच्या दिवसांत बल्बखालची जागा धरायला आम्ही जेवण अर्धवट टाकून पळायचो. रात्री तिथेच बाप्ये ओळीने झोपायचे. मोरीपर्यंत जायचं तर पायाच्या अंगठ्याने अंधार चाचपत, कुणाच्या तरी पोटऱ्या ओलांडत. १९८२ च्या गिरणी संपात हेच बाप्ये दिवसाढवळ्या पिंपांना टेकून बसलेले दिसायला लागले. पत्ते खेळायचे, पण आवाज न करता. आम्हा पोरांना वाटलं, सुट्टी लागली.

परवा हे सगळं आईला रंगवून सांगत होते. जन्माष्टमी, जांबोरी मैदान, एकमेकींच्या घरची कालवणाची वाटी, आणि ओघात म्हणून गेले, "किती एकोप्याने राहायचे ना सगळे!"

आई मेथी निवडत होती. म्हणाली, "तू कुठे होतीस चौऱ्याहत्तरला?"

जानेवारी १९७४. दलित पँथरची सभा, दगडफेक, मग चाळीचाळींत पेटलेली दलित-सवर्ण दंगल. परळच्या मोर्चात दगड लागून पँथरचा भागवत जाधव गेला. हे मी वाचलेलं होतं. आई तेव्हा नुकती लग्न होऊन आलेली, हे कधी जोडून पाहिलंच नव्हतं.

"समोरच्या चाळीत माझी एक मैत्रीण होती," आई म्हणाली. "बौद्धांची. आम्ही दोघी मिळून स्वेटर शिकायला जायचो. त्यानंतर मी तिच्याकडे गेले नाही. तीही आली नाही."

"भांडण झालं?"

"कशाचं भांडण? रेशनच्या रांगेत दिसायची की. हसायची."

"मग आता कुठल्या विंगेत आहे ती?"

"काय माहीत," आई म्हणाली आणि मेथीच्या काड्या कागदात गुंडाळू लागली. "पोरांना मिळालं असेल घर."